तीस फूट कोरडी जागा

मागच्या महिन्यात व्हिडिओ कॉलवर धाकटीने मला विचारलं, "आजी, तुमच्या शहरात आर्टिस्ट असतात का? आणि शहर त्यांच्यासाठी काय करतं?" तिला शाळेसाठी दोन पानं लिहायची होती. मी घाईत सांगितलं की असतात, आणि आम्ही त्यांचा सत्कार करतो. फोन ठेवल्यावर आपलंच उत्तर मला फार तोकडं वाटलं. ज्या पावसाळ्यात मला त्या प्रश्नाचं खरं उत्तर मिळालं, त्याबद्दल तुम्हा दोघांना एकदा नीट लिहायचंच होतं. धाकटीचं मराठी वाचन अजून अडखळतं, तेव्हा थोरल्याने तिला हे मोठ्याने वाचून दाखवावं.

तुम्हाला माहीत नसेल म्हणून आधी आमच्याकडच्या नाटकांबद्दल सांगते. दिवाळी झाली की गोंदियाच्या आसपास, म्हणजे आमच्या झाडीपट्टीत, गावोगाव मंडई भरते. दिवसा बाजार, पाळणे, पाहुण्यांची वर्दळ, आणि रात्री नाटक. एकेका गावात कधी दोन-दोन नाटकं असतात. दवनीवाड्यापासून नवेगाव बांधापर्यंत नाटक कंपन्यांच्या गाड्या फिरत असतात. नटांच्या मागे मोठमोठे रंगवलेले पडदे सोडतात: राजाचा दरबार, जंगल, तळं, रस्ता, श्रीमंताचा बंगला. मी नागपूरहून लग्न करून इथे आले त्याला आता पन्नास वर्षं होतील. इतक्या वर्षांत मी ते पडदे किती वेळा पाहिले, पण ते कोणी रंगवले असतील हा विचार एकदाही माझ्या मनात आला नाही. मी कॉलेजात ग्रंथपाल होते. पुस्तक हातात आलं की पहिल्यांदा लेखकाचं नाव बघायची सवय, आणि पडद्याच्या बाबतीत ही गत!

आमच्या कॉलनीचं महिला मंडळ दर श्रावणात एका स्थानिक कलावंताचा सत्कार करतं. त्या वर्षी कोणीतरी सुचवलं की शहरालगतच्या मुर्रीला एक बाई नाटकाचे पडदे रंगवते, तिला बोलवू या. तिचे वडील हेच काम करत. ते गेल्यावर तिने ते चालू ठेवलं. वय चाळिशीच्या आसपास, अंगाने काटक, बोटांच्या पेरांत निळा रंग कायमचा मुरलेला. आम्ही तिला शाल दिली, नारळ दिला, अध्यक्षबाईंनी "झाडीपट्टीचा कोहिनूर" वगैरे भाषण केलं. मग प्रथेप्रमाणे तिला दोन शब्द बोलायला सांगितलं.

ती उभी राहिली, शालीची घडी घालून खुर्चीवर ठेवली, आणि म्हणाली, "तुमी बोलावलं, बरं वाटलं जी. पन मले शाल आधीच्याच अकरा आहेत. मले जागा पाह्यजे. तीस फूट लांब, वीस फूट रुंद, अना वरून पानी नाही आलं पाह्यजे. कोनाजवळ आहे का?"

बायका हसल्या. त्यांना वाटलं ती विनोद करते आहे. ती हसली नाही, आमच्याकडे बघत राहिली. चिवडा आणि चहा आला आणि विषय बदलला.

मी तिला दारापर्यंत सोडायला गेले आणि विचारलं, "जागेचं काय झालं?"

"काकूजी, बाबा एका राइस मिलच्या शेडमधी रंगवत. आता ती मिल पाडून तिथं लग्नाचं लॉन केलं. माह्या घरी दोन खोल्या. आंगनात काढाव म्हनलं, त पाऊस. कापड शिवून ठेवलं आहे, कंपनीवाल्यानं दसऱ्यापर्यंत सात पडदे मांगले. नाही झाले त तो फ्लेक्स छापून आनते नागपूरहून. एकदा फ्लेक्स लागला का मंग मले कोन बोलावते?"

तिने हे तक्रारीच्या सुरात सांगितलं नाही. बस किती वाजता सुटते हे सांगावं तसं सांगितलं. दसऱ्याला तेव्हा दोन महिने उरले होते.

मला कामाची यादी करायची सवय आहे, तुमच्या आईला विचारा. त्या संध्याकाळी मी एका कागदावर शहरातल्या छप्पर असलेल्या मोठ्या जागा लिहिल्या आणि प्रत्येकीपुढे ती वर्षातून कधी रिकामी असते तेही लिहिलं. लिहिताना माझी मीच चकित झाले. मंगल कार्यालयं चातुर्मासात ओस पडलेली असतात, कारण लग्नाचे मुहूर्तच नसतात. पडदे रंगवायचे महिने नेमके तेच! एवढी सोपी गोष्ट माझ्या आधी कोणाला कशी सुचली नाही, असं मला वाटलं. दुसऱ्या दिवशी मी तीन कार्यालयांत जाऊन आले. तिन्ही ठिकाणी माझं स्वागत झालं, तिन्ही ठिकाणी कलेचं कौतुक झालं, आणि तिन्ही ठिकाणी फरशी नवी असल्याचं सांगण्यात आलं.

मग मी आमच्या कॉलनीच्या भजनाच्या हॉलसाठी शब्द टाकला. अध्यक्षबाई तयार झाल्या. गोकुळाष्टमीच्या दुसऱ्या दिवशी ती कापड, डबे, पातेली घेऊन रिक्षाने आली. चूल हॉलच्या मागच्या पडवीत मांडली. तिसऱ्या दिवशी एकादशी होती. दुपारी बायका टाळ घेऊन आल्या, तर पडवीत पातेल्यात काहीतरी रटरटत होतं आणि त्याचा वास हॉलभर पसरला होता.

"अगं बाई, हे काय शिजतंय?" अध्यक्षबाईंनी पदर नाकाला लावला.

"सरस आहे जी. रंगात टाकाले."

"कशाचा असतो तो?"

"हाडाचा अना चामड्याचा."

तिने ते अगदी सहज सांगितलं. मग सगळ्या एकदम बोलू लागल्या. एकीने सुचवलं, डिंक वापर की! ती म्हणाली, "डिंकाचा पडदा गुंडाळला का फुटते, पापडावानी. महिनाभर रोज गुंडाळतेत, रोज सोडतेत. सरसच लागते." दुसरी मला बाजूला घेऊन हळूच म्हणाली, "तिचं आडनाव काय हो?"

बोलणं वासाबद्दलच चाललं आहे, अशी मी स्वतःची समजूत घातली होती. त्या प्रश्नानंतर ती घालणं अवघड झालं. मी आडनाव सांगितलं नाही. पण विचारणारीला मी थांबवलंही नाही, हे तुम्हाला सांगायला हवं. मी शिकलेली बाई, आणि मी गप्प बसले.

कोणी जा म्हणायची वाट न बघता तिने पातेलं उतरवलं, चूल विझवली, डबे एकात एक घातले. मी तिला म्हटलं, "दुसरं काहीतरी सांगायचं होतंस. गोंद म्हणायचं."

"काऊन खोटं बोलू, काकूजी? चोरी थोडीच करून राहिली मी?" मग रिक्षात बसताना ती म्हणाली, "आता चव्वेचाळीस दिवस राहिले."

त्या आकड्याने मला घरात स्वस्थ बसू दिलं नाही. मी यादी पुन्हा काढली. तिचे वडील जिथे रंगवत ती गिरणी गेली होती, पण गोंदियात राइस मिलांना काय तोटा? नवं धान दिवाळीच्या सुमारास येतं. त्याआधीचे दोन-तीन महिने बऱ्याच गिरण्यांचे पट्टे बंद असतात आणि शेडमध्ये फक्त कबुतरं असतात. माझ्या ओळखीचे एक सेठजी होते, त्यांची मुलगी माझ्या वाचनालयाच्या कोपऱ्यात बसून अभ्यास करत असे. मी पडदेवालीला बरोबर घेऊन त्यांच्या गिरणीत गेले.

सेठजींनी सगळं ऐकून घेतलं. "बहनजी, शेड तो खाली ही पडा है। डर एक ही है। आजकल कोई घुस जाए तो निकलता नहीं।"

मी काही बोलायच्या आत तीच म्हणाली, "सेठजी, तुमचं धान यायच्या आधी माहे पडदे गावात टांगले असतीन. धानाच्या टायमाले मी इथं राहून का करू? मंडई त तिकडं चालू राहते."

सेठजी हसले. "और वो चमडे की बदबू?"

"ते येईन जी. तुमच्या कोंड्याची बी येते."

"बात तो सही है," ते म्हणाले, आणि मुनीमजींना हाक मारून किल्ली मागवली. त्या वेळी त्यांनी ना भाषण केलं, ना फोटो काढला. सगळं काम दहा मिनिटांत झालं.

पुढचे पाच आठवडे मी जवळजवळ रोज तिथे जात होते. सुरुवातीला मला वाटे, मी लक्ष ठेवायला जाते आहे. काही दिवसांनी माझ्या लक्षात आलं, मला घरी राहवतच नाही.

तुम्ही शहरातल्या संग्रहालयांत चित्रं पाहता ती भिंतीवर टांगलेली. इथे चित्र जमिनीवर पसरलेलं होतं आणि ती त्याच्यावर चालत होती. मांजरपाटाचे पट्टे जोडून शिवलेलं तीस फूट कापड, त्याला आधी चिंचोक्याच्या खळीचा हात दिलेला. ब्रश लांब बांबूच्या टोकाला बांधलेला, म्हणजे वाकावं लागत नाही. ती ताठ उभी राहून, अंगण झाडावं तशी जंगल रंगवत जायची. शेडमध्ये कोंड्याची बारीक धूळ असे, ती ओल्या रंगावर बसू नये म्हणून सकाळी आधी सगळी जमीन शिंपडून घ्यायची. दोरीला नीळ लावून ती दोन टोकांना खिळ्यांना ताणायची आणि मधोमध उचलून सोडायची. फट्! दरबाराच्या फरशीची एक रेघ उमटायची. अशा चाळीस रेघा, आणि त्या सगळ्या लांब कुठेतरी एका बिंदूकडे धावत जायच्या. मी पुस्तकांतून ज्याला यथार्थदर्शन, पर्स्पेक्टिव्ह म्हणतात ते वाचलं होतं. तिने ते कधी वाचलं नव्हतं. "बाबा म्हनत, पाहनारा मंधातल्या खुर्चीवर बसला असन असं समजाचं, अना सगळ्या वाटा त्याच्या डोळ्यापासून काढाच्या."

कापड तीस फुटांचं, आणि रंगवताना त्याच्यापासून ती कधी चार पावलंही लांब जाऊ शकत नव्हती. तरी तिला माहीत असे की पन्नास फुटांवरून काय दिसेल. मी तिला विचारलं, ते कसं कळतं? तिला प्रश्नच कळला नाही. "मले दिसते ना," ती म्हणाली.

मला मात्र काही दिसत नव्हतं. मला दिसत होते हिरव्या रंगाचे डाग, त्यांच्यात मधूनमधून उगाच निळे फटकारे, आणि एका ठिकाणी चक्क जांभळा. शेवटी मला राहवलं नाही.

"हिरवा जरा जास्त पोपटी नाही का झाला? आणि झाडात जांभळा कशाला?"

तिने बांबू खाली ठेवला आणि हमालांना हाक मारली. गिरणीतले तीन-चार हमाल त्या दिवसांत कामाविना तिथेच पत्ते खेळत बसत. "दादाहो, जरा उचलू लागा. काकूजीले जंगलात पाठवाचं आहे."

त्यांनी पडद्याच्या वरच्या कडेला बांबू घातला आणि यंत्राचे भाग उचलायच्या साखळीने तो वर ओढायला सुरुवात केली. बाहेर टळटळीत दुपार होती. तिने शेडची मोठी दारं लावून घेतली आणि पिवळे दिवे लावले. नाटक रात्री होतं, म्हणून रंग दिव्याच्या हिशोबाने द्यायचे असतात, हे मला त्या क्षणी कळलं. तो पोपटी हिरवा दिव्याखाली शांत, ओल्या पानाचा हिरवा झाला. जांभळ्या डागांची सावली झाली. निळे फटकारे मागे मागे सरकत गेले आणि झाडांच्या पलीकडे आणखी झाडं आणि त्यांच्या पलीकडे धुकं दिसू लागलं. आताच माझ्या पायाशी सपाट पडलेलं कापड होतं ते. त्यात आता आत जायची वाट होती. मी खरोखर एक पाऊल पुढे टाकलं. एक हमाल हसून म्हणाला, "संभाळा आजी, वाघ राहते तिथं!"

मी आयुष्यभर पुस्तकांच्या सहवासात राहिले आहे आणि सहसा मी भारावून जात नाही. त्या दुपारी मात्र गेले. आणि लाजही वाटली. हे असं काही निर्माण करणाऱ्या बाईला आम्ही बारावी शाल दिली होती.

दसऱ्याच्या दोन दिवस आधी कंपनीचे मालक आले. पाच पडदे तयार होते. सहावा, तळ्याचा, जमिनीवर ओला होता. सातवा, बंगल्याचा, सुरूच झाला नव्हता. मालक गाडीतून उतरले ते बगलेत फ्लेक्सची गुंडाळी घेऊनच. बरोबर त्यांचा एक नट होता, उंच, केस रंगवलेला.

"बाई, सात पडद्यायची गोष्ट झाली होती," मालक म्हणाले.

"हो जी. तीन हप्ते जागाच नव्हती."

"मी तुले दोष नाही देऊन राहिलो. पन मले नाटक त कराच लागन ना. छापलेला जंगल आनला आहे पाहाले. लावून पाहू का?"

तिने होकाराची मान हलवली. तिच्या हाताची बोटं साडीच्या काठाशी चाळा करत होती, तेवढंच. सेठजी ऑफिसमधून बाहेर आले होते. हमालांनी दोन्ही जंगलं शेजारी शेजारी टांगली. दारं लागली, दिवे लागले.

छापलेलं जंगल खरंखुरं होतं. कोणीतरी चांगल्या कॅमेऱ्याने काढलेला फोटो, पान न् पान मोजता येईल असा. पण दिवा त्याच्यावर पडला की त्या चकचकीत पृष्ठभागावरून उलटून डोळ्यांत येत होता. घडीच्या रेघा चांदीसारख्या चमकत होत्या. शेजारच्या कापडाने मात्र तोच उजेड पिऊन टाकला होता.

"जाऊन उभा राह्य बरं," मालक नटाला म्हणाले.

नट फ्लेक्ससमोर उभा राहिला. तो फोटो काढून घेणाऱ्या माणसासारखा दिसला. मग तो चार पावलं चालून तिच्या जंगलासमोर गेला, आणि तुम्हाला खोटं वाटेल, तो जंगलात गेला. त्यालाही ते कळलं असावं. कोणी न सांगता त्याने आवाज खाली आणला, मागे वळून त्या धुक्यातल्या वाटेकडे पाहिलं आणि कुठल्याशा नाटकातलं एक वाक्य म्हटलं. पत्ते खेळणारे हमाल उठून उभे राहिले.

मालकांनी दोन्ही जंगलं पुन्हा एकदा पाहिली. शेवटी म्हणाले, "बंगला मी फ्लेक्सचाच लावतो."

तिने आपल्या जंगलाची खालची कड हाताने सरळ केली.

"आजकालचा बंगला चमकतेच, त्याले चालते. बाकी सहा तुहे. तळ्याचा कवा सुकते?"

"परवा."

"परवा गाडी पाठवतो. अना पुढच्या सालचे आताच सांगून ठेवतो, सात नाही, आठ. पन दसऱ्याची तारीख नाही चुकली पाह्यजे."

ती सेठजींकडे वळली. "सेठजी, ऐकलं ना? जागा राहिली त मी हो म्हनतो, नाही त आताच नाही म्हनतो."

"अरे बाई, मेरे मुँह पर पूछ रही हो!" सेठजींनी हात वर केले. "अगस्त में आ जाना। चाबी मुनीमजी के पास रहेगी।"

मग ती मालकांना म्हणाली, "हो, आठ."

दारं उघडली. सगळे आता चहाला ऑफिसकडे जातील असं मला वाटलं. पण ती तळ्याच्या पडद्याकडे परत गेली होती. तिने बांबू उचलला आणि आमच्याकडे न बघताच म्हणाली, "पाहाचं असन त चपला काढून कडेले उभे राहा जी. पानी देनं बाकी आहे."

सेठजींनी बूट काढले. मालकांनी काढले, नटाने काढले, मी चपला काढल्या. हमाल तर अनवाणीच होते. आम्ही सगळे शिंपडलेल्या गार जमिनीवर कापडाच्या चारी कडांना उभे राहिलो. तिने पांढऱ्यात किंचित पिवडी मिसळली, ब्रश बुडवला, निथळू दिला, आणि त्या काळसर सपाट निळ्यावर एका हाताने एक लांब, आडवी, मधेमधे तुटत जाणारी रेघ ओढली. पाणी हललं.